रणगाडे किती आले ते कळतं, चालू किती आहेत ते कधी कळणार?

६ जुलै २०२४ ला हजिऱ्याच्या एल अँड टी कारखान्यात लडाखसाठी बनवलेला हलका रणगाडा झोरावर पहिल्यांदा दाखवला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो धडाधड पडायला लागले. हजिरा म्हणजे आमच्या बडोद्यापासून गाडीने तीन तासांवर, त्यामुळे सगळ्यांना आपल्याच अंगणात काहीतरी घडल्यासारखं वाटत होतं, कोणी तिरंगे टाकतंय, कोणी लिहितंय आता चीनची खैर नाही. मामा त्या दिवशी आमच्याकडेच होते. मामा ईएमई मधून, म्हणजे सैन्याची यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमधून, सुभेदार म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी रणगाड्यांच्या दुरुस्तीत गेली, शेवटचं पोस्टिंग इथल्या ईएमई स्कूलला होतं म्हणून बडोद्यातच राहिले. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला, तोफेकडे बघितलंच नाही, सरळ मागचा भाग बघितला आणि विचारलं, "ह्याचं इंजिन उतरवायला किती वेळ लागतो रे?"

कोणालाच माहीत नव्हतं. कुठल्या बातमीतही नव्हतं. तोफ १०५ मिलिमीटरची, वजन २५ टन, नदी पोहून जातो, विमानातून नेता येतो, सगळं होतं. पण बिघडला तर काय, हे कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे आणि आज सगळं एकदाचं लिहून काढतोय, कारण येत्या काही वर्षांत आपण चिलखती गाड्यांवर प्रचंड पैसा घालणार आहोत. ३ सप्टेंबर २०२४ ला संरक्षण खरेदी परिषदेने १० प्रस्ताव मंजूर केले, एकूण १ लाख ४४ हजार ७१६ कोटींचे, आणि त्यात पुढच्या पिढीचा रणगाडा म्हणजे एफआरसीव्ही आहे. २०२१ मध्ये त्याच्यासाठी कंपन्यांकडून माहिती मागवली तेव्हा आकडा १७७० गाड्यांचा होता. हे जुन्या रशियन टी-७२ रणगाड्यांच्या जागी येणार आणि आले की निदान तीस चाळीस वर्षं राहणार, म्हणजे आज जी पोरं बालवाडीत आहेत ती मोठी होऊन ह्या गाड्यांत बसणार. माझं म्हणणं सरळ आहे. आपण गाडी विकत घेतो पण तिची दुरुस्ती विकत घेत नाही, ती नंतर बघू म्हणून सोडून देतो, आणि हे जोवर बदलत नाही तोवर आधुनिकीकरण ह्या शब्दाला अर्थ नाही. ओव्हरहॉलची लाइन, स्पेअर, इंजिनचं ज्ञान, हे सगळं पहिल्या गाडीबरोबर आलं पाहिजे. दहा पंधरा वर्षांनी नाही.

टी-९० चं बघा. २००१ मध्ये रशियाशी ३१० रणगाड्यांचा करार झाला. त्यातले १२४ तयार येणार होते, बाकीचे सुट्या भागांत येऊन चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात जोडायचे होते. पुढे लायसन्सवर इथेच बनवायचे ठरलं आणि आवडीत बनलेले पहिले दहा टी-९० सैन्याच्या हातात पडले ऑगस्ट २००९ मध्ये. मधल्या काळात कागदपत्रं, टेक्नॉलॉजी, कुठला भाग देणार कुठला नाही यावर किती वर्षं गेली ते बघा. त्यातून राजस्थानच्या उन्हात त्याच्या थर्मल साइटने, म्हणजे उष्णतेवरून अंधारातही लक्ष्य दाखवणाऱ्या दुर्बिणीने, त्रास दिला, कारण आत पन्नास पंचावन्न डिग्री होतं आणि यंत्र त्यासाठी बनलेलं नव्हतं. पण मला सगळ्यात जास्त खटकते ती पुढची तारीख. ऑक्टोबर २०२४. त्या महिन्यात दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या ५०५ आर्मी बेस वर्कशॉपमधून पूर्ण ओव्हरहॉल केलेला पहिला टी-९० बाहेर पडला. पूर्ण ओव्हरहॉल म्हणजे रणगाडा शेवटच्या बोल्टपर्यंत खोलायचा, दोनशेच्या वर असेंब्ल्या सुट्या करायच्या, प्रत्येक तपासायची, नवी करायची आणि पुन्हा जोडायचा. ज्यांनी ते केलं त्यांना माझा सलाम, कारण हे काम नवीन गाडी बनवण्यापेक्षा अवघड असतं, नवीन गाडीत सगळे भाग मापाचे असतात आणि वापरलेल्या गाडीत प्रत्येक भाग आपापल्या परीने झिजलेला असतो. पण करार २००१ चा आणि पहिला ओव्हरहॉल २०२४ चा, म्हणजे तेवीस वर्षं. ही लाइन कराराच्या दिवशीच कागदावर असायला हवी होती.

मामा सांगतात टी-७२ चं इंजिन बदलायचं म्हणजे काय. इंजिन मागे आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स एक नाही दोन, दोन्ही बाजूंना एकेक, आणि इंजिनची ताकद तिथवर पोचवायला मधे वेगळी गिअरची पेटी. सगळं सुटं सुटं काढायचं आणि परत बसवताना अलाइनमेंट केसाएवढी चुकली तरी कंपनं सुरू होतात, मग काही दिवसांत कुठलं तरी बेअरिंग जातं. राजस्थानातल्या महाजनच्या फायरिंग रेंजवर मे महिन्यात लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, म्हणून ही मंडळी पहाटे तीनला उठून काम सुरू करायची आणि दहाच्या आत जेवढं होईल तेवढं उरकायची. क्रेन नसली तर रिकव्हरी गाडीची वाट बघा. इंजिन एकदा बाहेर आलं की खाली ताडपत्री अंथरून बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवायचे, कोणी पाय लावला तर मामा आजही चिडतात, घरात मिक्सर खोलला तरी स्क्रू ताटलीत ओळीने ठेवतात. याउलट जर्मन लेपर्ड-२ मध्ये इंजिन गिअरबॉक्स कूलिंग सगळा एकच ठोकळा, जोडण्या पटापट सुटतात, सरावलेली टीम तासाभरात जुना ठोकळा काढून नवा बसवते. हा फरक तोफेच्या मापात दिसत नाही, पण लढाईच्या तिसऱ्या दिवशी किती रणगाडे उभे आहेत आणि किती पळतायत ते ह्याच्यावरच ठरतं.

काश्मीरमधून लडाखला जाणाऱ्या जोजिला खिंडीतली लढाई तर आपल्याकडे सगळ्यांना अभिमानाने आठवायला हवी. १ नोव्हेंबर १९४८ ला साडेअकरा हजार फुटांवर ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे खिंडीत चढले आणि शत्रूला स्वप्नातही वाटलं नव्हतं की इथे रणगाडा येईल. जनरल थिमय्यांचं धाडस सगळे सांगतात, सांगायलाच पाहिजे. पण ते रणगाडे तिथवर पोचले कसे? बुरूज उतरवून वेगळे नेले, ओळखू येऊ नये म्हणून झाकून नेले, जम्मूपासून श्रीनगरपर्यंतचे पूल हे वजन पेलणारे नव्हते ते पक्के केले, सॅपर्सनी म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर जवानांनी वरचा रस्ता कापला, आणि वर नेऊन बुरूज परत चढवले. ज्यांच्या हातात पाने होते त्यांनी ती लढाई निम्मी जिंकून दिली होती. ईएमई कोअर तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती, १५ ऑक्टोबर १९४३ ची स्थापना. त्यांचं ब्रीद आहे कर्म ही धर्म, आणि फतेहगंजकडून जाताना त्यांचं ते दक्षिणामूर्तीचं देऊळ, ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या घुमटाचं, जवानांनीच बांधलेलं, बडोद्यात आलेल्या पाहुण्यांना आम्ही हमखास दाखवतो. देऊळ दाखवतो पण आत कॅम्पसमध्ये काय शिकवतात ते आम्हालाच धड माहीत नसतं.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण त्याशिवाय हा लेख नुसता पेपर वाचून लिहिल्यासारखा होईल. मकरपुरा जीआयडीसीत माझं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, तीन प्रेस, अकरा माणसं. रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या लांब पिनांनी एकमेकांत अडकवलेल्या असतात आणि नव्या पद्धतीच्या पट्ट्यांत त्या पिनेवर रबराचे बुश चिकटवलेले असतात. पट्टा चाकावरून वळतो तेव्हा लोखंडावर लोखंड घासत नाही, रबर पिळवटतं आणि परत सरळ होतं, दर फेरीला, प्रत्येक कडीत. वरून चाळीस पंचेचाळीस टन, खाली वाळू किंवा गोटे. ते रबर फाटलं की पिन सैल होते, पट्टा लांबतो, आणि एखाद्या वळणावर सरळ उतरून पडतो. बस, जगातला कितीही भारी रणगाडा असू दे, तिथेच उभा.

हा बुश दिसायला काहीच नाही, हातात घेतला तर लहान मुलाच्या खेळण्यातलं चाक वाटेल. पण लोखंड नीट ब्लास्ट करून साफ नसेल, बोटाचा घाम जरी लागला असेल, तर बाँडिंग केमिकल धरत नाही. प्रेसमध्ये दीडशे डिग्रीच्या आसपास ठरलेली मिनिटं शिजवायला लागतो, दोन मिनिटं कमी झाली तर आतून कच्चा राहतो आणि बाहेरून अगदी झकास दिसतो, जास्त झाली तर कडक होऊन तडकतो. माझ्याकडे वीस वर्षं प्रेसवर असलेला एक माणूस आहे, तो नुसतं नखाने दाबून सांगतो माल पक्का झाला की नाही, मग मीटर लावून बघितलं की तेच निघतं.

आम्ही असल्या कामाचं सॅम्पल एकदा एका मोठ्या खरेदी कार्यालयाकडे दिलं होतं. नाव घेत नाही. ड्रॉइंग मिळालं ते झेरॉक्सची झेरॉक्स, दोन मापं वाचताच येत नव्हती, विचारायला फोन केला तर साहेबांची बदली झालेली. सॅम्पल पास व्हायला तेवीस महिने गेले. मग ऑर्डर आली दोनशे नगांची. मोल्डचा खर्च दोनशे नगांत निघतच नाही, तरी आम्ही केली, मामा म्हणाले कर, हे काम आहे. पैसे यायला आणखी सात महिने. त्यानंतर तीन वर्षं एक कागद नाही, आणि अचानक एक दिवस फोन की तातडीने पाच हजार नग पाहिजेत, किती दिवसांत देणार? मोल्डला तोवर गंज चढलेला, त्या कंपाउंडची रेसिपी ज्या केमिस्टने बसवली होती तो अंकलेश्वरला दुसरीकडे लागलेला. नाही म्हणावं लागलं. त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही, खोटं नाही सांगत, कारण पाच हजार नग तातडीने पाहिजेत याचा अर्थ मला कळत होता, कुठेतरी गाड्या उभ्या होत्या.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं म्हणून सांगत नाहीये. मकरपुरा, भोसरी, कोईमतूर, लुधियाना, सगळीकडे अशी हजारो युनिटं आहेत जी हे भाग बनवू शकतात. पण त्यांना दरवर्षी ठरलेला थोडा थोडा माल लागतो, तर माणूस टिकतो, मोल्ड टिकतो, हात बसलेला राहतो. आपली पद्धत काय, की दुष्काळ नाहीतर पूर. आणि त्यात एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त त्याला काम. बुश दहा रुपयांनी स्वस्त घेतला आणि निम्म्या किलोमीटरला फाटला तर तो महाग पडला हे घरातली कुठलीही बाई सांगेल, पण टेंडरच्या तक्त्यात किती किलोमीटर चालला हा रकाना आला पाहिजे ना. किमतीबरोबर आयुष्य मोजा. गाडीचंही तसंच, खरेदीची किंमत हा पहिला हप्ता असतो फक्त, पुढे चाळीस वर्षं तिला जगवायला त्याच्या कितीतरी पट जातात, आणि तो आकडा कुठल्याच घोषणेत येत नाही.

इंजिनाबद्दल तर जास्तच बोललं पाहिजे. अर्जुन रणगाड्याला मंजुरी मिळाली १९७४ मध्ये. १२४ ची पहिली ऑर्डर २००० साली, आणखी १२४ ची २०१० मध्ये, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्क-१ ए च्या ११८ ची, ७ हजार ५२३ कोटींची. अर्जुन वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, ज्यांनी चालवला ते त्याच्या तोफेबद्दल आणि बसणीबद्दल चांगलंच बोलतात, वजन ६८ टनांवर गेलं हा प्रश्न आहे, पूल आणि रेल्वे वॅगन दोन्हीला. पण त्याच्या पोटातलं १४०० हॉर्सपॉवरचं इंजिन जर्मन एमटीयूचं. बाहेरच्या कंपनीने जुन्या मॉडेलची लाइन बंद केली की तुमची ऑर्डर कितीही हजार कोटींची असली तरी तुम्ही रांगेत. झोरावरलाही सुरुवातीला जर्मन इंजिनच बसवायचं होतं, त्यांची परवानगी लांबली म्हणून शेवटी अमेरिकन कमिन्सचं बसवलं. उद्या अमेरिकेशी बिनसलं तर? आणि मार्च २०२५ मध्ये आपण रशियाशी २४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला, टी-७२ ची ७८० हॉर्सपॉवरची इंजिनं काढून १००० ची बसवायला. त्यात आवडीच्या आपल्या सरकारी कंपनीला टेक्नॉलॉजी मिळणार आहे ही चांगली गोष्ट, मनापासून चांगली. पण टी-७२ आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला, ऐंशीच्या दशकात आपण तो आवडीत बनवायला लागलो, दोन हजारांच्या वर बनवले आणि घेतले, आणि त्याचं मोठं इंजिन अजून बाहेरूनच आणतोय. शेजारी पाकिस्तानचंही तेच, अल-खालिद रणगाडा म्हणून मिरवतात, डिझाइन चीनबरोबरचं आणि इंजिन युक्रेनचं.

मराठी माणसाला तर हे कोणी शिकवायला नको. महादजी शिंद्यांनी डी बॉइन ह्या युरोपियन सेनानीला ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला, त्या तोफा इतक्या चांगल्या होत्या की असईच्या लढाईत वेलस्लीच्या फौजेची त्यांनी दाणादाण केली. पण पलटणींवरचे अधिकारी परके, आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी जुंपली तेव्हा त्यातले कितीतरी सोडून गेले, तोफा आपल्या, गोलंदाज आपले, जिवावर उदार होऊन लढणारे आपले, आणि वर हुकूम द्यायला माणूस नाही. दौलतरावांच्या हातात ग्वाल्हेर राहिलं पण दिल्ली आणि आग्रा दोन्ही गेलं. मला ही गोष्ट इंजिनाच्या प्रत्येक बातमीला आठवते.

म्हैसूरला बीईएमएल ह्या सरकारी कंपनीत २० मार्च २०२४ ला आपलं स्वतःचं १५०० हॉर्सपॉवरचं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. मला विचाराल तर झोरावरच्या फोटोंपेक्षा ही मोठी होती. टेस्ट बेडवर चालणं आणि रणगाड्यात बसून वाळवंटात हजारो किलोमीटर चालणं यात अजून कित्येक वर्षांचं अंतर आहे, त्यात इंजिनं फुटतील, तापतील, तेल गाळतील, आणि ते फुटू द्यायला पैसा आणि धीर पाहिजे. पहिलं फुटलं की लगेच, बघा आपल्याला जमत नाही, बाहेरून आणा, हे म्हणणारे टपलेलेच असतात. बाहेरच्यांचीही फुटतात. विजयंता आपण ब्रिटनच्या व्हिकर्सकडून घेतला होता, त्याचं लेलँडचं एल-६० इंजिन ब्रिटिशांना स्वतःच्या चीफटन रणगाड्यातही वर्षानुवर्षं छळत होतं.

आणि बदलत राहणाऱ्या मागण्या, हे तर वेगळंच दुखणं. पायदळाच्या बीएमपी-२ गाड्या मेदकला १९८७ पासून बनतायत, त्यांच्या जागी नवी गाडी आणायची म्हणून २००९-१० च्या सुमाराला कंपन्यांना विचारलं, मग ते बारगळलं, मग पुन्हा विचारलं, मग पुन्हा नव्याने. ज्या कंपन्यांनी पहिल्यांदा इंजिनिअर नेमले ते इंजिनिअर आता निवृत्तीला आले असतील. सैन्याला जगातलं सगळ्यात चांगलं पाहिजे असतं, त्यात चूक नाही, जीव त्यांचा जातो. पण दर दोन वर्षांनी यादीत चार गोष्टी वाढल्या की गाडी कागदावरच म्हातारी होते. त्यापेक्षा पहिली शंभर जरा साधी घ्या, पुढच्या शंभरात सुधारा, त्याच्या पुढच्या शंभरात आणखी. बरेच देश असंच करतात.

आता लोक मला म्हणतात, अरे तू कुठल्या जमान्यात आहेस, युक्रेनमध्ये पाचपन्नास हजाराच्या ड्रोनने कोट्यवधींचे रणगाडे जळतायत, हे लोखंड घेऊन करायचं काय? प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. पण त्याच युद्धाकडे नीट बघा. ड्रोन लागलेला प्रत्येक रणगाडा जळून राख होत नाही, बऱ्याच वेळा पट्टा तुटतो, साइट फुटते, इंजिनच्या झाकणातून आग लागते आणि माणसं उतरून पळतात. त्या रात्री कोणी जाऊन तो ओढून आणला आणि आठवड्यात दुरुस्त केला तर तो परत उभा राहतो, नाही आणला तर गेला. युक्रेनला मिळालेले लेपर्ड दुरुस्तीला पोलंडला आणि लिथुआनियाला पाठवायला लागले, तिथे पुन्हा स्पेअरची टंचाई, म्हणजे दान मिळालेला उत्तम रणगाडा आघाडीपासून शेकडो किलोमीटरवर दुसऱ्याच्या देशात जॅकवर उभा. ड्रोनच्या जमान्यात गाड्यांची मोडतोड वाढणार, म्हणजे ओढून आणणारी गाडी, फिरतं वर्कशॉप आणि स्पेअरचा साठा यांची गरज कमी झाली की वाढली, तुम्हीच सांगा. ड्रोन पाडणारी यंत्रणा रणगाड्यावर पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही, पण तिचीही दुरुस्ती कोणाला तरी यायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या बायकोचाच आहे, ती म्युनिसिपल शाळेत शिकवते. गरीब देशाने एवढा पैसा लोखंडात घालावा का? २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार २१० कोटींचं होतं, त्यातले भांडवली खर्चासाठी, ज्यात नवी खरेदी येते, १ लाख ८० हजार कोटी. तिच्या वर्गात पंखा बंद आहे. मी तिला एवढंच म्हणतो की लडाखमध्ये २०२० ला चीनशी जे झालं त्यानंतर नको म्हणायची सोय राहिली नाही, टी-७२ आणि टी-९० घाईघाईने वर न्यावे लागले, त्या थंडीत ते सुरू ठेवायला काय काय करावं लागलं हे मामांच्या ओळखीची पोरं सांगतात, रात्रीतून दोनतीनदा इंजिन चालू करायचं नाहीतर सकाळी धड सुरू होत नाही. पण जो पैसा जातोय तो वाया जाऊ नये, आणि उभ्या असलेल्या रणगाड्याइतका वाया गेलेला पैसा दुसरा नाही, कारण त्याची राखण, पगार, शेड, सगळं चालू असतं, फक्त तो चालू नसतो. ह्यावर तिचं आणि माझं एकमत आहे. दहा नव्या गाड्या कमी घ्या आणि त्या पैशात शंभर जुन्या धावत्या ठेवा, मग एखादा पंखाही फिरेल.

जून २०२४ मध्ये दौलत बेग ओल्डीकडे श्योक नदी ओलांडताना अचानक पाणी वाढून टी-७२ मधले आपले पाच जण गेले. रात्रीचा सराव होता. त्यात यंत्राचा दोष होता असं मी म्हणत नाहीये, नदीच तशी आहे. पण मामा दोन दिवस गप्प होते. पंचेचाळीस टनांची गाडी बर्फाच्या पाण्यात फसली की तिच्यापर्यंत पोचणं, दोर लावणं, ओढणं, हे त्यांनी आयुष्यभर केलंय, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट डोळ्यासमोर दिसत होती.

लहान देशही कसं करतात ते बघा. श्रीलंकेने यादवी युद्धात दक्षिण आफ्रिकेच्या बफेल नावाच्या सुरुंगरोधक गाड्या आणल्या, आणि त्यांच्या सैन्याच्या दुरुस्ती कोअरने, म्हणजे तिथल्या ईएमईने, त्या खोलून, समजून घेऊन, स्वतःची युनिकॉर्न बनवली आणि मग युनिबफेल. दुरुस्ती करणाऱ्यांनीच गाडी बनवली! कारण कुठे काय तुटतं हे त्यांना हाताने माहीत होतं. आपल्याकडे अहिल्यानगरच्या व्हीआरडीई ह्या डीआरडीओच्या वाहन प्रयोगशाळेने टाटांबरोबर आठ चाकांची चिलखती गाडी बनवली, तिचा कारखाना सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत बेरेशिदला सुरू झाला. मोरोक्कोने नुसत्या गाड्या मागितल्या नाहीत, कारखाना आमच्याकडे टाका म्हणाले. म्हणजे विकणारे आपण असताना घेणारा ही अट घालू शकतो, मग घेणारे आपण असताना आपण का नाही घालत?

म्हणून एफआरसीव्हीच्या करारात मला काय वाचायला आवडेल ते सांगतो. पहिली गाडी येईल त्याच वर्षी बेस वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलची जागा, जिग आणि माणसं तयार असल्याची तारीख. इंजिनाचं ड्रॉइंग कोणाच्या मालकीचं, ते स्पष्ट. दहा वर्षांच्या स्पेअरची ऑर्डर गाडीबरोबरच आणि ती दरवर्षी थोडी थोडी देणारी, अचानक पाच हजार नाही. इंजिन बदलायला लागणारा वेळ ट्रायलमध्ये घड्याळ लावून मोजायचा, आणि बदलणारे कंपनीचे इंजिनिअर नकोत, बडोद्याच्या स्कूलमधून नुकतीच पास झालेली पोरं पाहिजेत, मे महिन्यात, महाजनला. आणि संसदेच्या संरक्षण समितीला दरवर्षी एक आकडा मिळावा, एकूण किती आणि त्यातले चालू किती. आकडा जाहीर करता येत नसेल तर बंद दाराआड द्या, पण कोणीतरी निवडून आलेल्या माणसाने तो विचारला पाहिजे. आमच्या खासदारांना मी हेच पत्र लिहिलंय, मराठीत आणि गुजरातीत दोन्ही.

परवा खंडेनवमी झाली. मामा दरवर्षी देवासमोर त्यांचा जुना रिंग पान्यांचा सेट मांडतात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, बत्तीसचा पाना एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. ह्या वर्षी मी त्यांच्या शेजारी तो गंजलेला मोल्ड घासूनपुसून आणून ठेवला. मामांनी त्यालाही हळदकुंकू लावलं, मग उचलून आत बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "पिटिंग वर वरच आहे. पॉलिश केलास तर चालेल अजून." सोमवारी पॉलिशला दिलाय, आणि अंकलेश्वरच्या त्या केमिस्टला फोन लावलाय.